दुपारी किती वाजता उठवता? सोलापुरातली पाळणाघरं, आईवडिलांच्या घड्याळातून

पाळणाघराची चौकशी करायला गेलेले आईवडील बहुतेक एकच यादी घेऊन जातात. फी किती, घरापासून लांब किती, खेळणी आहेत का, कॅमेरा आहे का, खायला काय देतात. मुलासाठी हे विचारावंच लागतं. पण फी भरणारा माणूस खरं तर वेळ विकत घेत असतो, आणि त्या वेळेचं माप मात्र कोणी काढत नाही. महिनाभर रोज साडेनऊ तासांचे पैसे भरूनही दोघांना एक निवांत संध्याकाळ का मिळत नाही, याचं उत्तर बरेचदा पाळणाघराच्या दुपारच्या वेळापत्रकात असतं.

म्हणून हे परीक्षण एकाच मापाने केलं आहे. मूल सुरक्षित आहे एवढं धरून चालू. मग त्या सोयीमुळे नोकरी-धंदा आणि घरकाम वगळून आईवडिलांना किती सलग वेळ मिळतो, आणि तो मिळताना डोकं थाऱ्यावर असतं का, एवढंच पाहायचं. कोणत्याही पाळणाघराचं नाव इथे नाही, कारण सोलापुरात ही सोय बरीचशी घरगुती आहे. एका काकूंनी बंद केलं की पुढच्या गल्लीत दुसऱ्या सुरू करतात. नावापेक्षा प्रकार ओळखता आला तर जुळे सोलापूर असो की नीलम नगर, चौकशी सोपी जाते.

आधी हिशेब मांडू. समजा आईचं ऑफिस पार्क चौकाच्या बाजूला, घर विजापूर रोडला, नोकरी साडेनऊ ते सहा. मूल नऊ ते साडेसहा पाळणाघरात, म्हणजे साडेनऊ तास. त्यातले साडेआठ नोकरीचे, उरलेला एक सोडण्या-आणण्याचा. दिवसा पालकाच्या वाट्याला आलेला मोकळा वेळ शून्य. घरी आल्यावर स्वयंपाक, मुलाचं जेवण, उद्याच्या डब्याची तयारी. आता मूल साडेआठला झोपलं तर साडेदहापर्यंत दोन तास हाती येतात. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर ५२ तास. निम्मे भांडी आणि आवराआवरीत गेले तरी २६ उरतात. मूल अकराला झोपलं तर त्यातलं काहीच उरत नाही. फी तीच, काकू त्याच, घर तेच. सगळा फरक मुलाच्या रात्रीच्या झोपेच्या वेळेने पडतो, आणि ती वेळ दुपारी पाळणाघरात ठरते.

हा फरक निव्वळ चैनीचा नाही. २००४ साली डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब घेतला होता. कोणतं काम करताना किती बरं वाटलं, या यादीत मुलं सांभाळणं बरंच खाली, घरकामाच्या आसपास आलं. मुलं नकोशी असतात असा त्याचा अर्थ नव्हे. दमलेल्या माणसाला तो तास जड जातो, एवढाच आहे. जर्मनीत हजारो पालकांच्या झोपेच्या नोंदींवरून २०१९ साली असं दिसलं की, पहिल्या बाळंतपणानंतर सहा वर्षांपर्यंत आईवडिलांची झोप आधीच्या पातळीवर पुरती येत नाही, आणि त्यातही आयांची घट मोठी असते. सहा वर्षं म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि पहिलीचा उंबरठा. तेवढा काळ 'आता काय, मूल मोठं झालं की झोपू' म्हणत काढता येत नाही.

मुख्य परीक्षा : दुपारची झोप

एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३. हा आकडा दिवसाचा एकूण आहे. दुपारी जास्त दिली की रात्रीची तेवढी कापली जाते. दोन वर्षांचं मूल साधारण बारा तास झोपणारं असेल आणि पाळणाघरात एक ते साडेचार झोपलं, तर रात्रीला साडेआठ तास उरले. सकाळी साडेसातला उठवायचं असेल तर ते रात्री अकराच्या आत झोपणार नाही. मांडीवर घ्या, थोपटा, दिवे घालवा, पेंग येतच नाही, कारण शरीराला झोप नकोच असते. आणि मग घरात 'हट्टी झालंय' असा शिक्का बसतो.

पाळणाघरवाल्या काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. सात-आठ मुलं एकदम झोपलेली असतात तो त्यांचा दिवसातला एकुलता एक विसावा. त्यातच त्यांचं जेवण, भांडी, पाठ टेकणं. म्हणून 'दुपारी झोपवता का?' हा प्रश्न कामाचा नाही, त्याला उत्तर नेहमी 'हो, छान झोपतात' असंच येतं. विचारायचं ते असं : "काकू, दुपारी किती वाजता उठवता?" 'उठतात तेव्हा उठतात' असं उत्तर आलं तर तुमची संध्याकाळ गेली असं समजा. 'साडेतीनला दूध असतं, त्याआधी उठवते' म्हणाल्या तर निम्मं काम झालं.

वयाप्रमाणे मागणी बदलते. आठ महिने ते सव्वा वर्ष या वयात बहुतेक मुलं दिवसातून दोनदा झोपतात. दुसरी झोप साडेतीन-चारच्या आत संपावी. दीड ते तीन वर्षांत एकच झोप, साडेबारा ते अडीच, फार तर तीन. उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत निदान पाच तासांचं अंतर पडलं पाहिजे. साडेतीन-चार वर्षांनंतर बऱ्याच मुलांना दुपारची झोप लागतच नाही. अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत दोन तास पाडून ठेवलं तर ते कंटाळून झोपतं आणि घरी रात्री अकराला उड्या मारतं. त्याला एका कोपऱ्यात चटई, चार पुस्तकं आणि ठोकळे द्यायला सांगा.

उठवण्याचीही एक रीत आहे. गाढ झोपेतलं मूल गदागदा हलवून उठवलं तर पुढचा अर्धा तास रडण्यात जातो, आणि दोन दिवसांत काकू उठवायचं सोडून देतात. आधी पडदा सरकवायचा, कूलरचा वेग कमी करायचा, बाकीची हालचाल सुरू होऊ द्यायची. दहा मिनिटांत बहुतेक मुलं आपली आपण कुस बदलायला लागतात, तेव्हा दुधाचा पेला पुढे करायचा. एकदम दीड तास कापू नये. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. त्या दिवसांत मूल संध्याकाळी सहाच्या सुमाराला किरकिरं होणार, तेव्हा जेवण पावणेसातलाच उरका. वरण-भात, ज्वारीच्या कण्या, जे असेल ते, पण लवकर. आठ-दहा दिवसांत घडी बसते.

यात एक चोरवाट राहते ती दुचाकीची. साडेसहाला घेतलेलं मूल सात रस्ता येईपर्यंत गाडीवरच पेंगलं, तर त्या दहा मिनिटांच्या डुलकीने रात्रीची झोप तासभर पुढे जाते. शिवाय पेंगणारं मूल दुचाकीवर धोक्याचंच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चार वर्षांखालच्या सगळ्यांना चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पट्टा वापरणारे रस्त्यात विरळाच दिसतात. मूल जागं राहावं म्हणून चावण्यासाठी त्याच्या हातात काही द्यायचा मोह आवरा, चालत्या गाडीवर घास अडकला तर थांबेपर्यंत उशीर होतो. रोजच पेंगत असेल तर पंधरा मिनिटं आधी घ्यायला जा.

घरगुती पाळणाघर : ५ पैकी ४

पाच ते आठ मुलं, एक काकू, मदतीला एखादी मावशी किंवा सून. या मापात सगळ्यात वर हेच येतं, कारण इथे बोलून वेळ बदलता येते. उठवण्याची वेळ, संध्याकाळी सहाला खिचडीचे चार घास, कधी अर्धा तास उशीर, हे माणसाशी बोलून ठरतं. रांगणारी मुलं असतील तर एका मोठ्या माणसामागे चारपेक्षा जास्त नकोत. काकू एकट्या आणि रांगणारी सहा असं असेल, तर कितीही माया असली तरी एकाची शी धुताना बाकी पाचांकडे कोण पाहणार, एवढं विचारून घ्यावं.

सोलापुरात आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे पाणी. इथल्या अनेक भागांना दिवसाआड नव्हे, चार-पाच दिवसांआड पाण्याची सवय आहे. हात धुणं, शी-शू, फरशी पुसणं, भांडी मिळून एका मुलामागे दिवसाला पंधरा-वीस लिटर सहज लागतं. आठ मुलं, वीस लिटर, पाच दिवस : ८०० लिटर. म्हणजे घरच्या वापराचं सोडून निदान हजार लिटरची टाकी पाळणाघरासाठी हवी. टाकी बघायला मागितलेली काकूंना आवडणार नाही, म्हणून खुणा पाहाव्यात. एकाच तसराळ्यात सगळ्या मुलांचे हात बुचकळले जातात का? मोरीजवळ सगळ्यांना मिळून एकच टॉवेल आहे का? सामानाच्या यादीत ओल्या पुसण्यांची (वाइप्सची) पाकिटं नको तितकी मागितली आहेत का? टॉवेलांच्या गावात मुलागणिक एक छोटा टॉवेल आणि एक चादर नावासकट ठेवायला कोणाला जड जाऊ नये. पाण्याच्या पाळीला काकू मोटार लावायला गेल्या की मुलांजवळ कोण असतं, हेही विचारा. आणि हौद, बॅरल, बादल्या झाकलेल्या हव्यातच, कारण रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरतं.

दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी होते. स्लॅबची आणि शक्यतो तळमजल्याची जागा हवी. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी आहे का बघा. हवा बाहेर जायला वाट नसली की खोली नुसती दमट होते आणि मुलं घामाने चिडचिडी उठतात. पंख्यापुरता इन्व्हर्टर असावा. आईचं दूध काढून ठेवणाऱ्यांनी तर या गोष्टीकडे काणाडोळा करूच नये. काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं हा हिशेब २५ अंशांच्या आतला आहे, सोलापूरच्या मे महिन्याचा नव्हे. गोठवलेल्या बर्फपिशव्या घातलेल्या थंड डब्यात ते चोवीस तास राहतं. तापवताना कोमट पाण्याच्या वाटीत बाटली ठेवायची, गॅसवर नाही. पावडरचं दूध कालवल्यापासून दोन तासांत आणि बाळाने तोंड लावल्यापासून तासाभरात संपवायचं, उरलेलं फेकायचं. काकू जुन्या वळणाच्या असतील तर 'वाया कशाला घालवायचं' म्हणून ते पुन्हा देतात, ते आधीच स्पष्ट बोलून घ्यावं.

खाण्याबद्दल एकच. शेंगा इथे हाताशी असतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा देऊ नये, श्वासनळीत अडकतो. शेंगाची कोरडी चटणीही नुसती चाटायला नको. दह्यात किंवा वरणात कालवून चालते.

एक गुण कापला तो बदली माणूस नसल्याबद्दल. काकूंच्या भावाच्या घरी लग्न निघालं की चार दिवस बंद, आणि तेही आदल्या संध्याकाळी कळतं. पहिल्याच भेटीत विचारावं : "तुम्हाला बरं नसलं तर कोण बघतं?" त्या माणसालाही एकदा भेटून घ्यावं.

नर्सरीला जोडलेलं डे-केअर : ५ पैकी ३

माणसं ठरलेली, कोणी रजेवर गेलं तर दुसरी बाई असते, जागा मोठी. पण सुट्ट्या शाळेच्या हिशेबाने. दिवाळी, उन्हाळा, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. ऑफिसला तेवढ्या सुट्ट्या नसतात, मग रजा पाळणाघराच्या बंद दिवसांत खर्ची पडते आणि स्वतःच्या विश्रांतीला एकही उरत नाही. प्रवेशाआधी वर्षाची सुट्ट्यांची यादी हातात घ्या, आपल्या रजेच्या यादीशेजारी ठेवा आणि न जुळणारे दिवस मोजा. फीला भागायचं ते खऱ्या तासांनी. समजा महिना ४,००० रुपये आणि छापील तास रोज ९, दिवस २६ : २३४ तास, तासाला १७ रुपये. आता वर्षातले ३० दिवस बंद आणि शनिवारी अर्धा दिवस धरला की तास महिना १९०-१९५ वर येतात आणि तोच दर २१ रुपयांच्या घरात जातो. शेजारच्या काकू महाग वाटत होत्या, त्या अचानक वाटेनाशा होतात.

आणखी एक छुपा खर्च म्हणजे कामगिऱ्या. 'उद्या पिवळा ड्रेस, एक फळ, फळाचं चित्र काढलेला चार्ट पेपर.' निरोप रात्री साडेआठला ग्रुपवर येतो आणि एक पालक नवी पेठेच्या दिशेने गाडी काढतो. दोन वर्षांच्या मुलाने चार्ट पेपर केलेला नाही हे शिक्षिकेलाही ठाऊक असतं. अशा दिवसांची संख्या महिन्यात दोनपेक्षा जास्त असेल तर अर्धा गुण आणखी कापा.

कॅमेऱ्याचं चित्र मोबाईलवर देणारी डे-केअर त्याचे वेगळे पैसे घेतात आणि पालक आनंदाने देतात. आमचं मत उलटं आहे. कॅमेऱ्याची नोंद राहावी, वाद झाला तर पाहता यावी, इतपत तो उपयोगी. पण दिवसभर उघडा राहणारा पडदा पालकाचा उरलासुरला निवांतपणा खातो. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं मूल कोपऱ्यात एकटं का बसलंय हे ताडण्यात जातात, आणि ते बहुतेक वेळा नाक कोरत असतं. तसंच दर तासाला फोटो पाठवणारी बाई जास्त लक्ष देते असं समजू नये, तेवढा वेळ तिचे हात मोबाईलवर असतात. दिवसातून एक निरोप पुरे : काय खाल्लं, किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं. या तिसऱ्या आकड्यासाठीच तो निरोप मागायचा. टीव्हीबद्दल मात्र ठाम राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत असं आहे. तो तास पाळणाघरात संपला तर घरी स्वयंपाकाच्या वेळचं तुमचं हुकमी साधन गेलं.

पहिले दोन आठवडे आणि पहिला पावसाळा

फी भरली की दुसऱ्या दिवसापासून सुटका, अशा समजुतीने पाळणाघर लावणारे महिनाभरात थकून काढून घेतात. सवय लागायला साधारण दोन आठवडे धरावेत. पहिले तीन दिवस मुलासोबत तासभर तिथेच बसायचं, फार खेळवायचं नाही. पुढचे तीन दिवस अर्धा तास सोडून जायचं, सांगून. मग दोन तास, मग जेवणापर्यंत, शेवटी झोप. झोप सगळ्यात शेवटी, कारण परक्या जागी डोळा मिटणं मुलाला सगळ्यात अवघड जातं. नजर चुकवून पळू नये. त्या दिवशी रडणं वाचतं, पण 'ही कधीही गायब होऊ शकते' हे मुलाच्या मनात बसतं, आणि मग घरीही आई मोरीत गेली तरी दाराशी हंबरडा. आठ महिने ते दीड वर्ष हा बिलगण्याचा काळ असतो, त्या वयात सुरुवात करायची असेल तर दोनाऐवजी तीन-चार आठवडे हाताशी ठेवा.

आजारपणाचंही तसंच. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे, पाळणाघराच्या पहिल्या वर्षात आणखी जास्त. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस घरी धरले तर वर्षाला वीसेक दिवस होतात. चांगल्या पाळणाघराचे नियम इथे कडक असतात, आणि कडक असलेलेच बरे : ताप उतरून औषधाशिवाय चोवीस तास झाल्यावर यायचं, जुलाब थांबून अठ्ठेचाळीस तासांनी, कांजण्यांच्या सगळ्या फोडांना खपली धरल्यावर. 'थोडा ताप असला तरी आणा, औषध देऊ' म्हणणारं ठिकाण सोयीचं वाटतं, पण दुसऱ्यांचे तापही तिथेच येत असतात. आजारपणाच्या दिवसांची वाटणी आईवडिलांनी आधीच करावी. पहिला दिवस तिचा, दुसरा त्याचा, किंवा सम-विषम तारखा. मूल तापलेलं असताना ती चर्चा नीट होत नाही.

बाकीच्या सोयी, थोडक्यात

घरी येणारी बाई : ५ पैकी साडेतीन. सोडणं-आणणं वाचतं, साध्या सर्दीत खाडा होत नाही. पण मुलासाठी ठेवलेल्या बाईकडे पंधरा दिवसांत भांडी येतात, महिन्याने पोळ्या, आणि मूल टीव्हीपुढे. काम काय आणि काय नाही, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहा. पोलीस पडताळणी आणि ओळखपत्राची प्रत घेण्यात संकोच नको. पालक घरून काम करत असतील तर या सोयीचे दोन गुण कमी करा, कारण दाराआड आई आहे हे मुलाला कळतं आणि दर वीस मिनिटांनी दार वाजतं. तेलुगू किंवा कन्नड बोलणारी बाई मिळाली तर 'मराठी बिघडेल' म्हणून घाबरू नये. सोलापुरात निम्मं शहर दोन-तीन भाषांत मोठं झालेलं आहे.

कामाच्या ठिकाणचं पाळणाघर हाती आलं तर सोडू नका. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, हे २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आलं आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. संहितेनुसार काही आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवलं तरी चालतं. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांना आणि दवाखान्यांना हे सांगायला एक लेखी अर्ज पुरतो, तो चार-पाच जणांनी मिळून द्यावा.

अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, काही तासांची, खाण्यासकट आणि मोफत. कुंभारीच्या वसाहतींत किंवा शहराच्या पूर्व भागात घरी विड्या वळणाऱ्या बायकांसाठी दिवसातला सलग वेळ तेवढाच. तो विड्यांतच जातो, त्याला विश्रांती म्हणता येणार नाही. पण त्या तासांत मूल तंबाखूच्या सुपापासून लांब असतं, ही जमेची बाजू मोठी आहे. गुण देण्याच्या मापात ही सोय बसवू नये.

तासावर खेळायला देणारे किड्स झोन : ५ पैकी दीड. पैसे भरून आईवडील कर्कश गाण्यांत बाकावर बसतात आणि नजर मुलावरून हटवता येत नाही. भुईकोट किल्ल्यातली बाग गारव्याची आहे, पण पायऱ्या आणि बुटक्या भिंतींमुळे तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा हात सोडता येत नाही. केगावचं विज्ञान केंद्र सहा वर्षांच्या पुढे कामाला येतं. या जागा मुलासोबत छान वेळ घालवण्याच्या आहेत, स्वतःच्या वेळेच्या नाहीत. दोन्हींची गल्लत केली की रविवार संपल्यावर आणखी दमल्यासारखं का वाटतं ते कळत नाही. आजी-आजोबांना गुण देण्याचा आगाऊपणा आम्ही करत नाही, फक्त त्यांच्या गुडघ्यांचा आणि भजनाच्या वेळेचाही विचार व्हावा.

यातल्या कोणत्याही सोयीने न हटणारी एक गोष्ट आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास वाटणं, मूल झोपलं तरी झोप न येणं, कशातच मन न लागणं, हा वेळेच्या कमतरतेचा प्रश्न नसतो. डॉक्टरांना दाखवावं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

प्रवेश अर्जावरचा पहिला नंबर

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. करणाऱ्यांमध्येही स्त्रियांची दिवसाला १४० मिनिटं, पुरुषांची ७४. पाळणाघर लावलं म्हणून ही दरी आपोआप भरत नाही, कारण पाळणाघराचे सगळे फोन आईला जातात. दूध संपलं, नाक वाहतंय, उद्या सुट्टी आहे. अर्जावर 'संपर्क क्रमांक १' समोर वडिलांचा नंबर लिहा आणि ग्रुपमध्येही त्यांनाच घाला. काकू पहिल्या महिन्यात तरीही आईलाच फोन करतील. तेव्हा आईने म्हणावं, "काकू, यांना करा ना, ते बघतात." तीन-चार वेळा सांगितलं की वळण पडतं. घ्यायला जाणंही आठवड्यातले तीन दिवस वडिलांकडे द्यावं. जो घ्यायला जातो त्यालाच उठण्याची वेळ विचारता येते.

शेवटी रविवार. बहुतेक पाळणाघरं नेमकी तेव्हा बंद. यावर दोन उपाय चालतात. एक फुकटचा : रविवारची सकाळ आळीपाळीने एकाने घराबाहेर काढायची, आठ ते अकरा, मोबाईल खिशात ठेवून. घरात राहून चालत नाही, कारण घरात असलेल्या माणसाला मूल आणि घर दोन्ही हाक मारतात. दुसरा पैशाचा : घरगुती पाळणाघराच्या काकूंना तीन कुटुंबांनी मिळून महिन्यातल्या दोन रविवारी तीन तासांसाठी विचारायचं. मुलं रोजचीच, डबा घरचा, दर रोजच्या तासाच्या दुप्पट आणि पैसे त्याच दिवशी रोख. एका कुटुंबाने विचारलं तर काकू नाही म्हणतात, त्यांचाही रविवार असतो. तिघांनी विचारलं तर बऱ्याच जणी शनिवारी सांगते म्हणतात, आणि शनिवारी हो येतं.